जुन्या कॉम्प्युटरवर दशावतार अडकत अडकत दिसतो, हलका प्लेअर सुचवा

कुडाळची_सून | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार. मी बालवाडीत शिकवते. कॉम्प्युटरमधलं मला बेताचंच कळतं, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

घरात एक जुना डेस्कटॉप आहे. आय-थ्री २१०० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज सुरू होईपर्यंत चहा पिऊन कप विसळून व्हायचा. दिवाळीत भाऊ आला होता, त्याने लिनक्स मिंटचं एक्सएफसीईवालं टाकून दिलं. तेव्हापासून खोका गुणाने वागतोय. माझे बालवाडीचे तक्ते, विजेचं बिल, सगळं त्यावरच होतं.

अडचण आहे बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. वय ८१. तरुणपणी वीसेक वर्षं त्यांनी दशावतारात पखवाज वाजवलाय. आता गुडघ्यांमुळे जत्रेत रात्रभर बसवत नाही, म्हणून माझा चुलत दीर आसपासच्या जत्रांना जातो आणि अख्खं नाटक मोबाइलवर घेऊन येतो. चार-चार तासांचं एकेक. बाबा रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तासभर बघतात. हे आठवडाभर गोव्यात असतात, त्यामुळे कॉम्प्युटरचं खातं माझ्याकडे.

आता तीन दुखणी.

एक. लढाईचा प्रवेश आला की चित्र अडकतं. आवाज पुढे जातो, चित्र मागून येतं. पखवाजाची थाप आधी पडते आणि राक्षसाचा पाय नंतर. मला आधी हे कळलंच नाही. बाबा चार दिवस त्या पखवाजवाल्याच्या नावाने ओरडत होते, "ह्यो कोण वाजवता? ताल खय आसा ह्येका?" पाचव्या दिवशी मी मागे उभी राहून बघितलं तेव्हा लक्षात आलं की वाजवणारा बिचारा बरोबर होता.

दोन. लाइट. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते कोकणातल्या लोकांना सांगायला नको. लाइट आली की नाटक परत गणपतीपासून सुरू. "गो, ह्यां परत पयल्यापासून लागला! आता खय शोधू मी ता?" मग मी हात पुसत येते आणि ती खालची पट्टी ओढत बसते.

तीन. त्यांचा हात कीबोर्डवर कुठेही पडतो. एकदा काय दाबलं गेलं कोण जाणे, नाटकातला संकासुर राक्षस अर्ध्या वेगाने नाचायला लागला.

भावाने तीन वेगवेगळे प्लेअर टाकून दिलेत. तिन्हींत तस्संच अडकतं. यापेक्षा हलका प्लेअर कुठला?

---

मदरबोर्डवाला | सोमवार, रात्री ११:०२

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. तिन्हींत तस्संच अडकतं. म्हणजे दुखणं प्लेअरचं नाही.

पंगतीत प्लेअर हा वाढपी असतो. स्वयंपाक आत एफएफएमपेगच्या लायब्ररीत होतो, आणि लिनक्सवरच्या बहुतेक प्लेअरांची चूल तीच. भात कच्चा निघाला तर वाढपी बदलून काय होणार?

एक करा. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एमपीव्ही नावाचा प्लेअर घ्या. त्यात ते अडकणारं नाटक लावा आणि इंग्रजी आय हे अक्षर दाबा. पडद्यावर डावीकडे माहिती उमटेल. त्यात व्हिडिओच्या पुढे काय लिहिलंय आणि ड्रॉप्ड फ्रेम्सचा, म्हणजे गाळल्या गेलेल्या चित्रांचा, आकडा वाढतोय का, एवढं सांगा.

---

नाशिकचा_पेंग्विन | सोमवार, रात्री ११:३०

व्हीएलसी टाका आणि विसरा. १९९६ साली पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेला प्रकल्प आहे, आजही काहीही दिलं तरी वाजवतो.

अवांतर: २०२२ मध्ये त्यांची वेबसाइट आपल्याकडे काही महिने बंद केली होती तेव्हा ऑफिसात किती बोंब झाली होती. आम्ही लिनक्सवाले लिनक्सच्याच सॉफ्टवेअर भांडारातून घेतो, आम्हाला पत्ताही नव्हता.

---

कुडाळची_सून | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

मदरबोर्डवाले, तुम्ही सांगितलं तसं केलं. व्हिडिओपुढे एचईव्हीसी असं लिहिलंय. १९२० गुणिले १०८०. साठच्या आसपास फ्रेम. ड्रॉप्डचा आकडा मी बघत असतानाच २०० वरून ३४० वर गेला, पेट्रोल पंपावरच्या मीटरसारखा.

दिराला विचारलं तर म्हणाला, मोबाइलमध्ये जागा कमी लागावी म्हणून कॅमेऱ्यात "हाय एफिशिअन्सी" चालू केलंय, आणि साठ फ्रेम म्हणे नाच छान दिसावा म्हणून.

पेंग्विन, तो आधीच्या तिनांत आहे हो. त्याची तक्रार नाही.

---

मदरबोर्डवाला | मंगळवार, रात्री ९:१०

सापडला चोर.

तुमची चिप २०११ ची. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, हे व्हिडिओ आवळून लहान करायचं मानक मंजूर झालं २०१३ मध्ये. नातवाचं लग्न ठरायच्या आधी काढलेल्या फोटोत नातसून कुठून येणार? त्या चिपमध्ये आधीचं मानक एच.२६४ उलगडायचं वेगळं सर्किट आहे, एच.२६५ चं नाही. इंटेलमध्ये ते पुरतं आलं २०१५ च्या स्कायलेक चिपांपासून. त्यामुळे तुमच्याकडे सगळा भार प्रोसेसरच्या दोन कोअरवर पडतो. शांत प्रवेशात तो कसाबसा निभावतो. लढाईत चौघं एकदम उड्या मारतात, मागे दिवे, झिरमिळ्या, धुरळा. प्रत्येक फ्रेममध्ये बदल जास्त, हिशेब जास्त, आणि हे सेकंदाला साठ वेळा. आवाजाचं काम हलकं, तो थांबत नाही. म्हणून थाप आधी, पाय नंतर.

उपाय मुळातच करा. दिराला सांगा, कॅमेऱ्यातलं हाय एफिशिअन्सी बंद, तीस फ्रेम, एच.२६४. फाइल मोठी होईल, पण मोबाइलमधलं कार्ड रिकामं करता येतं, तुमची चिप बदलता येत नाही.

जुनी नाटकं हँडब्रेक नावाच्या प्रोग्रॅममधून एच.२६४ मध्ये फिरवून घ्या. ७२० उंची, तीस फ्रेम पुरे. तुमच्या मशीनवर एका नाटकाला रात्र जाईल. आणि एक लक्षात ठेवा, फाइलचा प्रकार एमपीफोर नको, एमकेव्ही निवडा. एमपीफोरची अनुक्रमणिका साधारणपणे काम संपल्यावर लिहिली जाते. मध्येच लाइट गेली तर सगळी रात्र पाण्यात. एमकेव्ही जिथवर झालं तिथवर वाजतं.

शिवाय एमपीव्हीच्या कॉन्फिग फाइलमध्ये एचडब्ल्यूडेक ऑटो-सेफ ठेवा, नाहीतर एमपीव्ही आपणहून ते सर्किट वापरत नाही. इंटेलच्या जुन्या चिपांना आय-९६५ नावाचा व्हीए ड्रायव्हर लागतो, तो आहे ना बघा. हे तुमच्या भावाला वाचून दाखवा, त्याला कळेल.

---

तंबोरा_मिरज | मंगळवार, रात्री ९:४५

नुसता आवाज ऐकायचा असेल तर ऑडेशस. विनअँप या जुन्या प्लेअरचे कातडे, म्हणजे स्किन, चढवता येतात, कॉलेजचे दिवस आठवतात.

बाबांना नमस्कार सांगा. चित्र अडकलेलं असताना ताल चुकल्याचं ज्याला खटकतं, तो माणूस खरा पखवाजी.

---

इन्व्हर्टरवाले_काका | बुधवार, सकाळी ६:५०

लाइटबद्दल बोलतो, सॉफ्टवेअर तुम्ही बघा.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे एक छोटा खटका असतो. एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा ईको. नॉर्मलवर असताना लाइट गेली की बॅटरीवर यायला किंचित जास्त वेळ लागतो. पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटर बंद पडतो. खटका यूपीएसवर करा आणि कॉम्प्युटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लाइन कुठली ते वायरमनला विचारा, स्वतः उघडू नका.

---

कुडाळची_सून | बुधवार, रात्री ९:२०

काका, तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य. खटका होता! देवघराच्या मागच्या भिंतीला, उदबत्तीच्या राखेने माखलेला, आणि नॉर्मलवर. चार वर्षांत कोणी बघितला नव्हता. पण टीव्हीच्या खोलीतला तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही असं वायरमन म्हणाला. येतो म्हणालाय. "येतो" चा अर्थ कोकणात राहणाऱ्यांना माहीत आहे.

नाटक फिरवायला घेतलं काल रात्री. मोबाइल म्हणे फाइल ४ जीबी झाली की तोडतो आणि पुढची सुरू करतो, त्यामुळे एकेका नाटकाचे पाच-सहा तुकडे आहेत. ते रांगेत लावले आणि झोपले. पहाटे तीनच्या सुमारास लाइट गेलीच. सकाळी उठून बघते तर तीन तुकडे पूर्ण, चौथा अर्धा, आणि तो अर्धाही वाजतो. एमकेव्हीचं ऐकलं ते बरं झालं.

फिरवलेला पहिला तुकडा लावून लढाई बघितली. भावाने फोनवरून ती एचडब्ल्यूडेकची ओळ घालून घेतली होती. टास्क मॅनेजरमध्ये आधी प्रोसेसर ९० च्या वर असायचा, आता १५ च्या आसपास. पंख्याची घरघरही गेली. बाबा काही बोलले नाहीत. मांडीवर बोटं वाजवत होते, एवढंच.

आता राहिली दोन दुखणी, जागा लक्षात ठेवणं आणि भलतीच बटणं. बाबांना खिडक्या, यादी, मेनू काही नको. पडदा आणि चित्र. त्यासाठी कुठला प्लेअर?

---

नाशिकचा_पेंग्विन | बुधवार, रात्री १०:०५

एसएमप्लेअर बघा. प्रत्येक फाइल कुठे सोडली ते आपोआप लक्षात ठेवतो. बटणं मात्र भरपूर आहेत. साधं हवं असेल तर सेल्युलॉइड, मिंटमध्ये १९.३ पासून तोच आहे. आतून एमपीव्हीच, वर नीटस खिडकी.

---

मदरबोर्डवाला | बुधवार, रात्री ११:१५

दोन्ही चांगले, पण इथे मी नागडा एमपीव्हीच ठेवीन. एमप्लेअर, त्यातून एमप्लेअर-टू आणि त्यातून हा फुटलेला. याला मेनू नाही हीच लोकांची तक्रार असते, आणि बाबांना नेमकं तेच हवंय.

भलत्या बटणांचं सोपं आहे. कॉन्फिगमध्ये मूळची सगळी बटणं बंद करता येतात. तो पर्याय इनपुट-डीफॉल्ट-बाइंडिंग्ज, त्यापुढे नो. मग इनपुटच्या फाइलमध्ये चारच द्या. स्पेसने थांबव-चालव, डावा-उजवा बाण दहा सेकंद मागे-पुढे, क्यूने बंद. बाकी कीबोर्डवर मांजर बसलं तरी हरकत नाही. संकासुर हळू नाचला तो चौकटी कंसाच्या बटणामुळे, त्याने वेग कमी होतो.

जागा लक्षात ठेवायला सेव्ह-पोझिशन-ऑन-क्विट आहे. पण नाव वाचा, ऑन क्विट. प्लेअर नीट बंद केला तरच जागा लिहिली जाते. लाइट गेली तर काहीच नाही. म्हणून छोटी लुआ स्क्रिप्ट लिहायची, दर तीस सेकंदांनी राइट-वॉच-लेटर-कॉन्फिग ही कमांड चालवणारी. एक टायमर, त्यात एक कमांड, तीन ओळींत काम होतं. स्क्रिप्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये टाकली की झालं. फारतर शेवटचं अर्धं मिनिट जाईल. नाटक लावल्या लावल्या तीस सेकंदांच्या आत लाइट गेली तर मात्र जागा हरवेल, कारण एमपीव्ही जुनी नोंद वाचली की लगेच पुसतो.

आणि फाइल नव्हे, नाटकाचं आख्खं फोल्डरच एमपीव्हीला द्या. तुकडे क्रमाने लागतात आणि ज्या तुकड्याची नोंद असेल तिथूनच तो सुरुवात करतो. डेस्कटॉपवर एका नाटकाला एक चिन्ह.

---

तंबोरा_मिरज | गुरुवार, सकाळी ८:१०

जत्रेतल्या रेकॉर्डिंगमध्ये झांज कानठळ्या बसवते आणि गाणं ऐकू येत नाही, असं असेल तर एफएफएमपेगचा डायनॉडनॉर्म फिल्टर लावून बघा, एमपीव्हीमध्ये एका ओळीत बसतो. हळू आवाज वर उचलतो. मैफिलीचं रेकॉर्डिंग असेल तर लावू नका, आलापाची चव जाते. जत्रेला चालेल.

---

हौशी_८५ | गुरुवार, दुपारी १:३०

एवढं सगळं कशाला? पेनड्राइव्ह टीव्हीला लावा. पाच मिनिटांचं काम.

---

कुडाळची_सून | रविवार, रात्री ९:५५

हौशी, टीव्हीवर त्या वेळी सासूबाईंची मालिका असते. यापुढे मी काही बोलत नाही.

भाऊ शनिवारी आला होता. त्याने सगळं लावलं. डेस्कटॉपवर सात नाटकांची सात मोठी चिन्हं, दुसरं काही नाही. स्पेसबारवर मी लाल टिकली चिकटवली, क्यूवर हिरवी, बाणांवर छोट्या पिवळ्या. बाबा म्हणाले, "कीबोर्डाक हळदीकुंकू झाला." झांजेसाठी तो फिल्टरही लावला. गाणं आता स्वच्छ कळतं, फक्त कोणीच बोलत नसतं तेव्हा मागचा चणेवाला फार मोठ्याने ऐकू येतो.

काल साडेसातला लाइट गेली. वायरमन अजून "येतो" मध्येच आहे. वीस मिनिटांनी आली. बाबांनी स्वतः कॉम्प्युटर चालू केला, चिन्हावर टिचकी मारली, आणि नारद जिथे बोलत होता तिथूनच बोलायला लागला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, हात पुसत यावं लागलं नाही.

एक गंमत मात्र होते. आज नाटक लावलं तर आधी काल संपलेल्या तुकड्याची शेवटची वीसेक सेकंदं लागली, आणि मग टुणकन उडी मारून पुढच्या तुकड्यात बरोबर जागी आलं. दुसऱ्यांदा लावलं तर झालं नाही. हे काय?

---

मदरबोर्डवाला | रविवार, रात्री १०:४०

ती चूक माझी. टायमर दर तीस सेकंदांनी नोंद लिहितो, पण तुकडा पुरता संपला तरी त्याची शेवटची नोंद तशीच पडून राहते. दुसऱ्या दिवशी फोल्डर उघडलं की एमपीव्ही यादीत वरून बघतो, पहिली नोंद सापडते ती जुन्या तुकड्याची, तिथून सुरू. ते संपलं की पुढच्या तुकड्याची नोंद मिळते, म्हणून उडी. मग जुनी नोंद पुसलेली असते, त्यामुळे परत होत नाही. तुकडा ओलांडल्यावर दुसऱ्या दिवशी एकदाच होणार.

दुरुस्ती सोपी. फाइल शेवटापर्यंत वाजून संपली की डिलीट-वॉच-लेटर-कॉन्फिग चालवायचं, त्या फाइलचं नाव देऊन. भावाला सांगा, दोन ओळी वाढवायला.

---

कुडाळची_सून | सोमवार, सकाळी ७:०५

भावाला सांगणार होते. पण रात्री बाबांना म्हटलं, ते सुरुवातीचं मागचं लागतं ना, ते काढून टाकू या. तर म्हणाले, "कित्याक? मालिकेत नाय दाखवत, काल काय झाला ता? तसाच ह्यां. चांगला आसा, रवांदे."

तेव्हा राहू दे.